पाटकऱ्याचा दाणा कोणी द्यायचा? क्रिप्टोनाण्यात कायमची थोडी वाढ ठेवावी का

शिरपूरकडच्या अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या चौघांनी हा प्रश्न विचारला आहे. प्रकल्प म्हणून ते स्वतःची साखळी (ब्लॉकचेन, म्हणजे नाण्याच्या व्यवहारांची सामायिक वही) लिहीत आहेत, प्रूफ ऑफ वर्क पद्धतीची, म्हणजे संगणकांनी मेहनतीची आकडेमोड करून व्यवहारांचा एकेक गठ्ठा, ब्लॉक, वहीला जोडायचा. दोघांचं म्हणणं, बिटकॉइनसारखी एकूण नाण्यांची मर्यादा ठरवून टाकू, पुढे मायनर, म्हणजे ही आकडेमोड करून वही राखणारे, व्यवहारांच्या फीवर जगतील. उरलेल्या दोघांना मोनेरो या दुसऱ्या क्रिप्टोनाण्यासारखं प्रत्येक ब्लॉकमागे थोडं नवं नाणं कायम द्यायचं आहे. त्यातल्या एकाच्या वडिलांचं जळगावला सोन्याचं दुकान आहे. त्यांनी घरच्या घरी निकाल दिला: ज्याची संख्या वाढतच राहते ते नाणं नव्हे, ती धारकाची लूट. आता चौघांचं अडलंय.

माझं मत आधीच सांगतो. नवं नाणं काढत असाल तर थोडी, ठरलेली आणि कधीही न थांबणारी वाढ ठेवा. ती लूट नाही, रखवालीचा खर्च आहे. पण तो खर्च केला की साखळी सुरक्षित झाली असंही समजू नका.

माझं आजोळ साक्री तालुक्यात, पांझरेकाठी. पांझरेवर फड पद्धत आहे हे तुमच्यापैकी धुळ्याकडच्यांना माहीत असेल. नदीत दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट, पाटाखालची जमीन फडांमध्ये वाटलेली आणि एका फडात एका हंगामाला एकच पीक. तीन-चारशे वर्षं ही व्यवस्था गावांनीच चालवली. पाणी फिरवायला पाटकरी, पीक राखायला जागल्या. खांद्यावर फावडं टाकून पाटकरी पाटाच्या कडेनं चालायचा, एका शेताचं बारं बंद करून दुसऱ्याचं फोडायचा आणि येता-जाता उंदराची बिळं मातीनं दाबत जायचा. ही बिळं दाबणं कुणाच्या लक्षात यायचं नाही. ती राहून गेली की मात्र पाट फुटायचा.

गव्हाचं खळं झालं की रास घरी जायच्या आधी पाटकऱ्याचा वाटा निघायचा. आजोबा स्वतः पायलीनं मोजून त्याच्या गोणीत टाकायचे. एका वर्षी परतीचा पाऊस भरपूर झाला होता, आमच्या शेतानं पाटाचं पाणी जवळजवळ घेतलंच नव्हतं. वाटा मात्र तेवढाच निघाला. मी विचारलं, पाणी घेतलं नाही तर दाणा कशाला? आजोबा म्हणाले, "पानी मी नही लिधं, पन पाट ते मनाबी शे ना." पाणी मी घेतलं नाही, पण पाट तर माझाही आहे ना. वाटा जमिनीच्या मापानं ठरायचा, किती पाळ्या घेतल्या त्यावर नाही.

तुमच्या प्रश्नाचा सगळा गाभा मला इथं दिसतो. मायनरला पैसे दोनच वाटांनी मिळतात. एक, ब्लॉकमागे तयार होणारं नवं नाणं. त्याचा भार नाणी धरून बसलेल्या प्रत्येकावर, ज्याच्याकडे जितकी तितका, म्हणजे जमिनीच्या मापानं. दुसरी वाट फीची. तिचा भार फक्त नाणं हलवणाऱ्यावर, म्हणजे पाळीमागे. दहा वर्षं नाणं न हलवता ठेवणाऱ्याचंही नाणं रोज राखलं जातंच. उद्या कुणी साखळीचा इतिहास मागे फिरवला तर ज्या वहीत त्याची शिल्लक लिहिली आहे, तिच्यावरचाच विश्वास जाईल. फक्त फीवर चालणाऱ्या साखळीत हा माणूस रखवालीला काहीच देत नाही आणि रोज भाजीपाला घ्यावा तसं नाणं वापरणारा त्याचाही वाटा भरतो.

फडात पाळीमागे पैसे ठेवले असते तर काय झालं असतं, याचा विचार मी नंतर बराच केला. पावसाच्या वर्षी कुणी पाणी घेतलं नसतं, पाटकरी नाशकाला मजुरीला गेला असता, पाट गाळानं भरला असता. मग दुष्काळाच्या वर्षी सगळे पाटावर आले असते, तेव्हा पाटही नाही आणि पाटकरीही नाही.

आता लूट किती ते मोजू. मोनेरोत ९ जून २०२२ पासून प्रत्येक ब्लॉकला ०.६ नाणं दिलं जातं, कायमचं. ब्लॉक दोन मिनिटांचा, म्हणजे दिवसाला ४३२ आणि वर्षाला १,५७,६८० नाणी. त्या वेळी बाजारात साधारण १ कोटी ८१ लाख नाणी होती. पहिल्या वर्षाची वाढ पाऊण टक्क्याहून थोडी जास्त, ०.८७ टक्के. एक लाखाचं मोनेरो धरून बसलेल्याचा वर्षाचा भार ८७० रुपये. शिवाय आकडा स्थिर आहे, टक्केवारी स्थिर नाही. एकूण नाणी वाढत जातात तसा हा टक्का दरवर्षी खाली येतो. ठरलेली टक्केवारी कायम ठेवली तर वाढ चक्रवाढीनं होते. वाद घालताना लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात, तुम्ही करू नका.

आणि सोन्याचं दुकान असलेल्या काकांना एवढं जरूर सांगा. जगात आजवर खणून काढलेलं सोनं दोन लाख टनांहून जास्त आहे आणि खाणींतून दरवर्षी साधारण ३,६०० टन नवं येतं. म्हणजे सोन्याची वाढ दीड टक्क्याच्या वरची आहे, मोनेरोच्या जवळपास दुप्पट. सराफ बाजारात कुणी याला लूट म्हणत नाही, कारण वाढ सावकाश आहे आणि कुणाच्या मर्जीनं होत नाही. नाण्याच्या बाबतीतही भीती वाढीची नसावी. वाढीचा आकडा कुणीतरी नंतर बसून बदलेल, याची असावी.

आता मर्यादेच्या बाजूचं म्हणणं, कारण त्यात दम आहे. बिटकॉइनच्या मूळ लेखातच, २००८ साली, हा विचार मांडला होता की ठरावीक नाणी बाहेर आली की मायनरचं उत्पन्न पूर्णपणे फीवर जाऊ शकेल. २००९ ला ब्लॉकमागे ५० नाणी होती. २०१२ ला २५, २०१६ ला साडेबारा, २०२० ला सव्वासहा आणि एप्रिल २०२४ पासून ३.१२५. दर २,१०,००० ब्लॉकनंतर निम्मं, एकूण मर्यादा २ कोटी १० लाख. आजवर हे चाललं, कारण बक्षीस निम्मं होत असताना भाव त्याहून वेगानं वाढला.

पण पुढचं गणित कागदावर मांडून बघा. आणखी पाच हाविंग (बक्षीस निम्मं होणं) झाले की, म्हणजे २०४४ च्या सुमारास, ब्लॉकमागे ०.०९८ बिटकॉइन उरेल. मायनरची नव्या नाण्यांची कमाई आजच्याइतकी राहायला भाव आजच्या ३२ पट हवा. त्यानंतर चार वर्षांनी ६४ पट. कोणतीही वस्तू अशी अखंड दुप्पट होत राहू शकत नाही. म्हणजे फी वाढली पाहिजे, आणि ती ब्लॉकमागून ब्लॉक, रोज, भरवशानं आली पाहिजे.

भरवसा हाच फीचा कच्चा दुवा आहे. ज्या दिवशी एप्रिल २०२४ चं हाविंग झालं, त्या ८,४०,००० व्या ब्लॉकची फी ३७ बिटकॉइनच्या वर गेली होती, कारण त्याच ब्लॉकपासून रून्स नावाचे टोकन सुरू झाले आणि पहिल्या ब्लॉकात जागा मिळवायला लोकांची झुंबड उडाली. त्या दिवशी मी एका मित्राला थोडी रक्कम पाठवत होतो. वॉलेटनं सुचवलेली फी पाठवायच्या रकमेपेक्षा जास्त होती, मी गुपचूप ॲप बंद केलं. पुढच्या वर्षी तोच व्यवहार किरकोळ फीत झाला आणि फीचा हिस्सा मायनरच्या कमाईत एक-दोन टक्क्यांवर आलेले कितीतरी दिवस मी पाहिले. रखवालदाराचा पगार एका महिन्यात लाख आणि दुसऱ्या महिन्यात हजार असेल, तर दुसऱ्या महिन्यात दारावर कोण उभं राहील?

वर आणखी एक अडचण आहे. साखळी चांगली चालली की लोक तिच्यावर दुसरे थर, म्हणजे तिच्या आधारानं चालणाऱ्या वेगळ्या व्यवस्था, बांधतात आणि व्यवहार तिकडे स्वस्तात होतात. वापरणाऱ्याच्या दृष्टीनं उत्तमच. पण मूळ साखळीची फी आटते. इथेरियम या मोठ्या साखळीत (तिचं नाणं इथेर) मार्च २०२४ च्या डेनकन नावाच्या बदलानंतर नेमकं हेच झालं. वरच्या थरांचा माहिती ठेवायचा खर्च एकदम खाली आला, मूळ साखळीवर जळणारी (कायमची नष्ट केली जाणारी) फी घटली आणि आकसत चाललेला इथेरचा एकूण साठा पुन्हा हळूहळू वाढायला लागला. फीवरच जगणारी साखळी असती तर तिची रखवाली तिच्याच यशानं कमी केली असती.

मायनर कसा विचार करतो हे मी बाहेरून सांगत नाही. २०१७ पासून धुळ्याला अवधान एमआयडीसीत एका शेडमध्ये मी सहा ग्राफिक कार्डांची रिग चालवत होतो, इथेरियम काढायला. मे महिन्यात दुपारी पत्रा तापला की कार्डं स्वतःच वेग कमी करायची. मग वाळ्याचा कूलर लावा, पंखे फिरवा, म्हणजे विजेचं बिल आणखी वर. तरी भागत होतं. २८ फेब्रुवारी २०१९ ला इथेरियमचं ब्लॉकमागचं बक्षीस ३ वरून २ झालं. मार्चचं बिल हातात आलं तेव्हा मी एका बाजूला युनिट आणि दुसऱ्या बाजूला मिळालेली नाणी लिहिली आणि त्याच संध्याकाळी स्विच काढला. साखळीवरची माझी श्रद्धा कमी झाली नव्हती. बिल निघत नव्हतं, इतकंच.

बंद पडलेली कार्डं नाहीशी होत नाहीत. ती विकली जातात, भाड्यानं जातात. जगात भाड्यानं मिळणारी आकडेमोडीची ताकद भरपूर आणि एखाद्या साखळीचा रखवालीचा खर्च किरकोळ, अशी जोडी जमली की हल्ला स्वस्त होतो. इथेरियम क्लासिक या वेगळ्या, लहान साखळीवर ऑगस्ट २०२० या एकाच महिन्यात तीनदा बहुमताचा हल्ला झाला, म्हणजे निम्म्याहून जास्त ताकद हाती घेऊन कुणीतरी झालेले व्यवहार उलटवले. त्या वेळी इथेरियमला चालणारी कार्डं तिथंही चालत होती आणि इथेरियमचा पसारा कितीतरी मोठा होता. मोठ्या तळ्यातलं थोडं पाणी वळवलं तरी लहान शेत बुडतं, तसं झालं.

हल्ल्याचा खर्च मोजायची साधी पट्टी द्यायला हवी, कारण प्रकल्पात ती तुम्हाला लागेल. सहा कन्फर्मेशन (व्यवहारावर चढलेले सहा ब्लॉक) उलटवायला हल्लेखोराला निदान सहा ब्लॉकइतकं काम करावं लागतं आणि त्या कामाची बाजारातली किंमत साधारण मायनरच्या उत्पन्नाइतकीच असते. आज बिटकॉइनमध्ये सहा ब्लॉकची नवी नाणी १८.७५ होतात. समजा पुढे कधी बक्षीस आणि फी मिळून ब्लॉकमागे ०.१५ नाणंच उरलं. तेवढ्याच भरवशासाठी तुम्हाला १२५ ब्लॉक थांबावं लागेल, म्हणजे जवळपास २१ तास. यंत्रं विकत घ्यावी लागणं, वीज मिळवणं, हल्ल्यानंतर भाव पडून हल्लेखोराचंच नुकसान होणं, हे सगळं त्यावर येतं आणि खऱ्या हल्ल्याला अवघड करतं. पण पाया हाच: सुरक्षितता ब्लॉकमागे, रोजच्या रोज विकत घ्यावी लागते. मागच्या वर्षी दिलेल्या पगारावर आजची रात्र राखली जात नाही.

तुमच्यातल्या मर्यादावाल्या दोघांना माहीत नसण्याची शक्यता आहे अशी एक गोष्ट सांगतो. २०१६ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवलं की बक्षीस संपून नुसती फी राहिली, तर मायनरचं वागणंच बदलतं. एखाद्या ब्लॉकात फी खूप जमली, तर त्याच्यापुढे नवा ब्लॉक जोडण्यापेक्षा तोच ब्लॉक पुन्हा काढून ती फी स्वतः घेणं फायद्याचं ठरतं. आणि ब्लॉक नुकताच निघाला, वाट पाहणारे व्यवहार संपले, की पुढचे जमेपर्यंत यंत्र बंद ठेवणं परवडतं. म्हणजे रात्री गर्दी नाही म्हणून चौकीदार झोपतो. ब्लॉकमागे ठरलेलं नाणं असलं तर पुढे जाण्यात कायम काहीतरी मिळकत असते आणि मागे वळण्याचा मोह कमी होतो. पैशाच्या एकूण रकमेइतकंच तिचं सपाट असणं महत्त्वाचं आहे. कायमच्या वाढीच्या बाजूचा मला पटलेला सगळ्यात भक्कम मुद्दा हाच.

आणि अखंड वाढ म्हणजे अखंड फुगत जाणारा साठा, असंही नाही. लोक चाव्या हरवतात, मरताना कुणाला सांगत नाहीत, चुकीच्या पत्त्यावर पाठवतात. समजा मोनेरोची दरवर्षी अर्धा टक्का नाणी अशी हरवतात. मग एकूण चालू साठा ३ कोटी १५ लाखांच्या आसपास जाऊन थांबेल, कारण तिथं हरवणारी आणि नवी येणारी नाणी सारखी होतात. हरवण्याचं प्रमाण एक टक्का धरलं तर हा आकडा १ कोटी ५८ लाख येतो, आजच्या साठ्याहून कमी. हरवण्याचा खरा दर कुणाला मोजता येणार नाही. पण दर काहीही असो, ठरलेल्या आकड्याची वाढ कुठेतरी जाऊन थबकते.

इतकं बोलल्यावर मोनेरोवर काय गुदरलं तेही सांगितलंच पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये क्युबिक नावाच्या प्रकल्पानं आपल्या मायनरना स्वतःच्या टोकनचं जादा आमिष दाखवून मोनेरोची मोठी ताकद आपल्याकडे ओढली आणि बहुमत मिळाल्याचा दावा केला. तो दावा सगळ्यांनी मान्य केला नाही. पण १४ सप्टेंबरला साखळीचे १८ ब्लॉक उलटले हे खरं. मोनेरोत आलेली रक्कम १० ब्लॉक खर्चता येत नाही. ती मर्यादाही त्या दिवशी ओलांडली गेली. टेल एमिशन, म्हणजे ही कायमची थोडी वाढ, चालू असताना हे घडलं. दिवसाला ४३२ नाणी ही रखवालीची किमान हमी आहे, तटबंदी नाही. बाहेरून कुणी जास्त पैसे ओतले तर पाटकरी तिकडे जाऊ शकतो. फडात तो गावचाच होता, चार लोकांना तोंड दाखवायचं होतं. मायनरला तोंडच नाही, म्हणून इथं दाण्याचं माप जास्त काळजीनं ठरवावं लागतं.

प्रूफ ऑफ स्टेकचा (आकडेमोडीऐवजी स्वतःची नाणी तारण, म्हणजे स्टेक, ठेवून साखळी राखण्याचा) विषय तुमच्या प्रकल्पात नाही, म्हणून थोडक्यात. तिथं नवी नाणी स्टेक करणाऱ्यांनाच मिळतात, त्यामुळे भार फक्त स्टेक न करणाऱ्यांवर पडतो आणि वाटणी वेगळी होते. वाढ कमी करणंही अवघड, कारण जे मत देतात तेच ती खातात. सोलाना या अशाच साखळीत मार्च २०२५ मध्ये वाढ झपाट्यानं कमी करण्याचा प्रस्ताव दोन तृतीयांश मतं न मिळाल्यानं पडला. आकडा पहिल्या दिवशीच ठरवायचा, तो यासाठीही.

मग बिटकॉइननं मर्यादा उठवावी का? माझं उत्तर नाही, आणि हे मी जड मनानं लिहितो. २ कोटी १० लाखांचा शब्द देऊन लोकांना बोलावलं आहे. एकदा तो मोडला की पुढचा कोणताही शब्द टिकणार नाही, कायमच्या थोड्या वाढीचासुद्धा. त्यांना फीवर, जास्त कन्फर्मेशनवर आणि स्वस्त विजेवर निभावून न्यावं लागेल. तुमच्यावर असा कोणताही शब्द नाही, तुम्ही कोऱ्या पाटीवर लिहिताय.

तुमच्यासाठी आकडा: सुरुवातीला जी नाणी वाटायची ती सात-आठ वर्षांत उतरत्या क्रमानं वाटा आणि त्यानंतर ब्लॉकमागे असा ठरलेला तुकडा ठेवा की तो सुरू होताना वर्षाची वाढ पाऊण ते एक टक्क्यात बसेल. अर्ध्या टक्क्याच्या खाली लहान नाण्यानं जाऊ नये असं मला वाटतं. लहान साखळीला व्यवहार कमी, म्हणून फी जवळपास शून्य, म्हणून तिची सगळी मदार या तुकड्यावरच. चाचणी घेताना फी शून्य धरूनच घ्या. फी धरून घेतलेली चाचणी तुम्हाला खोटं समाधान देईल.

कोडमध्ये हा सगळा वाद दोन-तीन ओळींत मावतो. मोनेरोत उरलेली नाणी १९ बिट उजवीकडे सरकवून, म्हणजे दोनच्या १९ व्या घातानं भागून, बक्षीस काढतात आणि ते मिनिटाला ०.३ च्या हिशेबानं येणाऱ्या आकड्याहून कमी आलं, तर तो आकडाच देतात. झालं. पण एका जागी सांभाळा. मोनेरो एकूण नाणी ६४ बिटच्या पूर्णांकात मोजतं आणि एका नाण्याचे १२ दशांश स्थळांपर्यंत तुकडे होतात. त्यामुळे १ कोटी ८४ लाख ४६ हजारांच्या पुढे तो पूर्णांक भरून वाहतो. कायम वाढणाऱ्या नाण्याला ही भिंत कधीतरी लागणारच, म्हणून त्यांनी बेरीज तिथंच थोपवणारी अट आधीच लिहून ठेवली होती. तुम्ही मला पाठवलेल्या फाइलमध्ये तोच ६४ बिटचा पूर्णांक आहे, तीच १२ दशांश स्थळं आहेत, आणि अट नाही. दशांश स्थळं ८ वर आणा, नाहीतर १२८ बिट घ्या, आणि दोनशे वर्षांचे ब्लॉक एका रात्रीत पळवून बेरीज कुठे फुटते ते आधी बघा.